सिंधुदुर्गातील तांबड्या वाटा : सायकल, सडा आणि वहिवाटीचा इतिहास

प्रस्तावना

गेल्या दीड-दोन दशकांत डांबरी रस्ता सोडून खडी-मातीच्या वाटांवरून सायकल चालविण्याचा छंद युरोप व अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर रुजला. ‘ग्रॅव्हल’ या नावाने तो ओळखला जातो. वाकड्या दांड्याची, थोड्या रुंद टायरची सायकल घेऊन गावांच्या मागून, शेतांच्या कडेने, टेकड्यांच्या पाठीवरून जाणे असे त्याचे स्वरूप आहे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत भरविली. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील अशा मार्गांची वर्णने आता भारतीय सायकलपटूही आवडीने वाचतात आणि आपल्याकडे असे मार्ग कोठे आहेत, असा प्रश्न विचारतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नाच्या उत्तरात सिंधुदुर्ग जिल्ह्याचे, विशेषतः मालवण किनाऱ्याचे, नाव बरेच वर घ्यावे लागेल. जांभ्याची तांबडी वाट, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्येच एखादा व्हाळ, त्यावर साकव, पुढे चढण आणि चढणीनंतर उघडा सडा, ही दृश्ये येथे वाडीवाडीला आढळतात.

पर्यटनविषयक लेखनात या वाटांचे वर्णन बहुधा निसर्गाच्या सदरात केले जाते. ते अपुरे आहे. वाट निसर्गाने दिलेली नसते, ती पायांनी पडते, हातांनी राखली जाते आणि वापर थांबला की बुजते. सिंधुदुर्गातील आजच्या रमणीय वाटा कोणी, कशासाठी आणि कोणत्या अधिकाराने पाडल्या, सायकल त्यांवर केव्हा व कशी आली आणि त्यांचा आजचा कायदेशीर आधार कितपत भक्कम आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सडा, मळा आणि घाटी

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,२०७ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये जांभ्याच्या सपाट माथ्यांचे व त्यांना चिरत जाणाऱ्या नद्यांचे प्रदेश, अशी ही रचना आहे. या सपाट माथ्याला येथे ‘सडा’ म्हणतात. सड्यावर माती जवळपास नाही, पाणी टिकत नाही, वस्ती नाही. वस्ती उतारावर, माडापोफळीच्या आगरांत, आणि भातशेती तळाच्या मळ्यात. त्यामुळे गावातल्या गावातही तीन प्रकारच्या वाटा लागतात. मळ्यातून जाणारी वाट शेताच्या मेरेवरून जाते आणि पावसाळ्यात पाण्याखाली असते. वाडीतील वाट दोन गडग्यांमधून जाते, ही पाणंद. वाडीतून सड्यावर चढणारी तिसरी ती घाटी. ती अनेक ठिकाणी जांभ्याचे चिरे बसवून पायऱ्यापायऱ्यांची केलेली असते.

जांभा हा दगड या वाटांचा खरा कर्ता आहे. ओला असताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. ‘लॅटराइट’ हे त्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातील अंगडिपुरम परिसरातील दगड पाहून १८०७ मध्ये रूढ केले. मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातील माणसे या चिऱ्यांची घरे, विहिरी, देवळे आणि किल्ले बांधीत होती. जांभ्याचा भुगा व बारीक गोटे वाटेवर पसरले की पावसाचे पाणी त्यांतून झिरपून जाते, चिखल फारसा होत नाही आणि दिवाळीनंतर तीच वाट दाबून बसविल्यासारखी टणक होते. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात मातीची वाट टिकते ती या गुणामुळे. रुंद टायरच्या सायकलीला जो पृष्ठभाग लागतो तो येथे आयता मिळतो, तोही याचमुळे. उताराची घाटी मात्र सायकलीला अनुकूल नाही. तेथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि पूर्वीही घेतली जात असे.

सड्यावरून माणसांचा वावर किती जुना आहे, याची साक्ष मालवण तालुक्यातील कुडोपी येथील कातळशिल्पे देतात. कातळात कोरलेल्या या आकृत्या कोकणातील अशाच इतर स्थळांबरोबर २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाल्या. त्यांचा नेमका काळ हा वादाचा विषय आहे. तथापि, आज ओसाड भासणारा सडा कधीकाळी लोकांच्या नित्य येण्याजाण्यातला होता, एवढे त्यांवरून निश्चितपणे म्हणता येते. धामापूरचा तलावही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सोळाव्या शतकातील म्हणून सांगितला जाणारा आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने वारसा म्हणून गौरविलेला हा तलाव एका बांधाने अडविला आहे. पाणी अडविणारा बांध हाच माणसांना पलीकडे नेणारा रस्ता होतो, हे कोकणातील नेहमीचेच दृश्य होय.

घाटवाटा आणि बंदरे

गावातल्या वाटांच्या जोडीला लांब पल्ल्याच्या वाटा होत्या. त्यांची दिशा एकच : बंदराकडून घाटमाथ्याकडे. आजचा महामार्ग आणि लोहमार्ग दक्षिणोत्तर धावतात, त्यामुळे कोकणातील प्रवास तसाच होत आला असावा, असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. दक्षिणोत्तर जायचे तर दर काही मैलांवर खाडी आडवी येई, आणि तो प्रवास समुद्रातून गलबताने व पुढे आगबोटीने होई. जमिनीवरील वाहतूक पूर्व-पश्चिम होती. मीठ, सुकी मासळी, नारळ आणि खोबरे वर जाई. धान्य, गूळ, मिरची खाली येई.

ही वाहतूक प्रारंभी बैलांच्या पाठीवर व माणसांच्या डोक्यावर होती. वाघोटन नदीवरील खारेपाटण, किनाऱ्यावरील विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले ही त्या वाहतुकीची खालची टोके. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट त्या परिसराच्या प्राचीनतेचा पुरावा आहे. वेंगुर्ल्यास डचांनी १६३७ मध्ये वखार घातली. तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. मालवणजवळच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू केले, तेव्हा चुना, लोखंड, धान्य आणि माणसे यांची केवढी ने-आण झाली असेल याचा अंदाज करता येतो. किल्ल्याच्या इतिहासात तट व बुरूज यांचे वर्णन विस्ताराने येते, पण रसद पोहोचविणाऱ्या वाटांना दोन ओळीही मिळत नाहीत. ही त्रुटी एकूणच आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनातील आहे.

१८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले ब्रिटिशांकडे आले. बेळगावच्या लष्करी छावणीचा समुद्राशी संबंध वेंगुर्ल्याच्या बंदरातून राहू लागला. त्यासाठी प्रथम रामघाटाचा उपयोग झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली गावावरून आंबोलीस चढणारा, गाडी चालू शकेल अशा बेताच्या चढाचा रस्ता तयार झाला आणि रामघाट मागे पडला. आंबोलीला थंड हवेचे ठिकाण म्हणून महत्त्व आले तेही या रस्त्यानंतर. उत्तरेकडे फोंडाघाट, करूळ आणि भुईबावडा या घाटांनी कोल्हापूरचा मुलूख किनाऱ्याशी जोडला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला दहावा खंड रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयी असून त्यात घाटवाटांची नोंद जागोजाग येते. गाडी जाते की नाही, ही त्यातील महत्त्वाची कसोटी आहे. साम्राज्याच्या दृष्टीने गाडी न जाणारी वाट ही जवळपास वाटच नव्हती.

घाटरस्त्यांचे वैभव फार टिकले नाही. १८८८ मध्ये मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि बेळगाव-धारवाडकडील माल तिकडे वळू लागला. १८९१ मध्ये कोल्हापुरास रेल्वे पोहोचली. वेंगुर्ले आणि मालवण ही बंदरे उतरणीस लागली. गाडीरस्ते राहिले, त्यांवरील गाड्या कमी झाल्या. रामघाटासारखी जुनी वाट तर पादचाऱ्यांपुरती उरली. आजच्या सायकलपटूला जी निर्जन शांतता मोलाची वाटते, तिच्या मुळाशी एका बाजारपेठेचा ऱ्हास आहे.

दक्षिणेकडील गोव्याच्या सीमेवर वाटांचे राजकारण अधिक तीव्र होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याजवळच्या पत्रादेवी येथे पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार केला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची सरहद्द बंद केली. हमरस्ता बंद झाला तरी दोन्ही बाजूंना सोयरिकी असलेल्या गावांतील पायवाटा माहीतगारांच्या पायाखाली राहिल्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हमरस्त्याला पुन्हा महत्त्व आले आणि त्या रानवाटांचे प्रयोजन संपले.

सायकलीचे आगमन

भारतात सायकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली ती प्रथम युरोपीय अधिकारी व शहरातील सधन मंडळी यांच्याकडे. पुढील काही दशकांत ती कारकून, शिक्षक, टपालवाले यांच्या हाती गेली. इतिहासकार डेव्हिड आर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या २०१३ मधील ग्रंथात शिलाईयंत्र, टंकलेखनयंत्र व भातगिरणी यांच्याबरोबर सायकलीचा विचार केला आहे. परदेशातून आलेले यंत्र येथील समाजाने आपल्या गरजेप्रमाणे कसे वापरले, हे त्यांचे मुख्य विवेचन. सिंधुदुर्गाला ते चांगले लागू पडते, मात्र एका मर्यादेसह. हा प्रदेश सायकलीचा नव्हे. पुणे किंवा सांगली-मिरजेच्या सपाटीवर सायकलीने जे स्थान मिळविले ते कोकणात तिला मिळाले नाही. एकच वेग असलेली, वीस किलोंच्या आसपास वजनाची काळी सायकल घाटीवर चढत नाही. म्हणून तिचा वावर मालवण, वेंगुर्ले यांसारखी किनाऱ्याची गावे, कुडाळ-सावंतवाडीकडील तुलनेने सखल भाग आणि सड्यावरील सपाट वाटा येथेच राहिला. टपालाची पिशवी, शाळामास्तरांची छत्री, पावाची टोपली आणि मासळीची पाटी यांना तिने वाहिले. गिऱ्हाइकाला तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने बाजारपेठेत निघाली. रात्री दिवा नसलेल्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत, हा आता गमतीने सांगितला जाणारा तपशील एका काळी खिशाला चटका देणारा होता.

येथे एका तांत्रिक गोष्टीची नोंद आवश्यक आहे. भारतात रूढ झालेली काळी ‘रोडस्टर’ सायकल मूळ इंग्लंडची. स्वातंत्र्यानंतर तिचे उत्पादन देशात मोठ्या प्रमाणावर होऊ लागले : मद्रासला टी.आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला अॅटलास १९५१ मध्ये, लुधियानाला हिरो १९५६ मध्ये. या सायकलीचे चाक अठ्ठावीस इंची आणि टायर दीड इंच रुंद, म्हणजे साधारण ३८ ते ४० मिलिमीटर. आज ‘ग्रॅव्हल’ सायकलीसाठी सर्रास शिफारस केली जाणारी रुंदीही चाळीस मिलिमीटरच्या आसपासच आहे. हा योगायोग नव्हे. रोडस्टरची घडण झाली तेव्हा इंग्लंडचे ग्रामीण रस्ते डांबरी नव्हते. मॅकॲडमच्या पद्धतीने खडी दाबून केलेले, कोरड्या दिवसांत पांढरी धूळ उडविणारे ते रस्ते होते. डांबरमिश्रित खडीचे पेटंट हूली या अभियंत्याने घेतले ते १९०२ मध्ये. खडीच्या रस्त्यासाठी बनलेले यंत्र इंग्लंडमध्ये रस्ता बदलल्यावर मागे पडले, आणि कोकणात, जेथे रस्ता तसाच राहिला होता तेथे, पुढील सत्तर-ऐंशी वर्षे उपयोगी पडले. नव्या छंदाचे यंत्र येथे फार पूर्वीच येऊन, राबून, गंजून गेले आहे.

डांबर, एस.टी. आणि ओस पडलेल्या वाटा

सार्वजनिक बससेवा मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी सुरू झाली. पुढील काही दशकांत एस.टी. सिंधुदुर्गातील गावागावांत पोहोचली. कित्येक ठिकाणी डांबर पोहोचण्यापूर्वी. मातीच्या रस्त्यावर श्रमदान, ग्रामपंचायतीचा निधी, रोजगार हमीची कामे आणि मुंबईकर मंडळांची वर्गणी असे निरनिराळे हात लागले. गिरणगावात राबणाऱ्या चाकरमान्यांनी खोलीभाड्यातून वाचविलेला पैसा गावच्या रस्त्याला दिला, या गोष्टीची कागदोपत्री नोंद विखुरलेली असली तरी तिचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने डांबरीकरणाला वेग आला. खाड्यांवर पूल झाले तशा होड्यांच्या ‘तरी’ एकेक करून बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला.

डांबरी रस्त्याने आजारी माणसाला रुग्णालयात वेळेत नेले, मुलींना माध्यमिक शाळा जवळ केली, आंब्याच्या पेट्या शहरात पोहोचविल्या. तांबड्या वाटांचे कौतुक करताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल. चिखलातून प्रसूत स्त्रीला डोलीतून नेणाऱ्या पिढीला मातीच्या वाटेचे प्रेम नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. शहरातून सायकल घेऊन येणाऱ्याने गावकऱ्यांकडे वाट ‘तशीच ठेवा’ अशी मागणी करण्यात एक प्रकारचा अप्पलपोटेपणा आहे.

तथापि, मातीच्या वाटा कमी होण्याचे कारण केवळ डांबर नव्हे. चालणारी माणसे कमी झाली, हे त्याहून मोठे कारण आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची व राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथे दहा वर्षांत सुमारे एकोणीस हजारांची घट झाली. भातशेती सोडली गेली तशा मेरेवरच्या वाटा गेल्या. गुरे कमी झाली तशी सड्यावर चरायला नेण्याची वाट गेली. गॅस आला आणि सरपणाची वाट गेली. नळ आला आणि पाणवठ्याची घाटी गेली. वाट बुजायला दोन पावसाळे पुरतात.

ज्या वाटा टिकल्या त्यांतील काही देवांमुळे टिकल्या. कांदळगावचा रामेश्वर सिंधुदुर्ग किल्ल्यातील शिवराजेश्वराच्या भेटीस ठरावीक वर्षांनी लवाजम्यासह येतो. महाशिवरात्रीस कुणकेश्वराच्या यात्रेला गावोगावचे देव तरंगांसह जातात. आचऱ्याच्या गावपळणीत संपूर्ण गाव तीन दिवस वेशीबाहेर राहतो. देवाची जाण्याची वाट ठरलेली असते. त्या वाटेवर कोणी गडगा घालत नाही, आणि घातलाच तर तो देवाच्या तारखेपूर्वी मोडला जातो. अशा वाटेची मोजणी झालेली नसते, पण तिची हद्द प्रत्येकाला माहीत असते. चतुर्थीपूर्वी वाडीतील पाणंद बेणून साफ करण्याची प्रथा हीदेखील याच प्रकारची, लेखी नसलेली पण पाळली जाणारी व्यवस्था आहे. ती पाळणारे हात मात्र आता उतारवयाचे आहेत.

तुटक रेषा

या ठिकाणी इंग्लंडशी तुलना उपयुक्त ठरते. तेथील ग्रामीण मार्गांवर आज सायकलस्वार निर्धास्तपणे जातो, याचे कारण तेथील निसर्ग नव्हे, कायदा आहे. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या प्रशासनाने सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करावा असे ठरले. पादचारी वाट वेगळी, घोडेवाट वेगळी. १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क दिला. त्यापूर्वी, १९५५ मध्ये, खडबडीत वाटांवरून हिंडणाऱ्या सायकलस्वारांनी लेम्स्टर या छोट्या गावी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची संस्था स्थापन केली होती. आणखी मागे गेले तर १८८६ मध्ये रस्तेसुधारणेसाठी स्थापन झालेल्या संघटनेमागेही सायकलस्वारच होते. इटलीतील उदाहरण याहून बोलके आहे. तस्कनीतील पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये यासाठी १९९७ मध्ये जुन्या सायकलींची ‘लेरोईका’ ही यात्रा सुरू झाली आणि त्या रस्त्यांना वारशाचे मोल आले.

आपल्याकडे अशा नोंदी नाहीत, असे मानणे चुकीचे होईल. एकोणिसाव्या शतकातील भूमापनात तयार झालेल्या गावनकाशांवर वाटा दाखविलेल्या आहेत. गाडीमार्ग तुटक दुबार रेषेने, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. हे आकडे चमत्कारिक वाटतात, पण त्यांचा उगम मोजणीच्या तेहतीस फुटी साखळीत आहे. साखळीचे सोळा आणे. त्यातील चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. सारा वसुलीसाठी आलेल्या परकीय सत्तेने शेतकऱ्याच्या पायवाटेची रुंदी साखळीच्या चार आण्यांत बसविली आणि आज त्या वाटेचा कागदावरचा बळकट पुरावा तोच आहे.

परंतु कोकणात ही तुटक रेषा सर्वत्र पुरेशी नाही. देशावरील गावात जमीन सलग व शेते बांधाबांधाने लागून असतात. कोकणात घर, आगर, मळा आणि सडा यांचे उंचीचे थर असतात आणि वाडीतील बारीकसारीक वाटा मोठ्या प्रमाणाच्या नकाशात येत नाहीत. सड्याच्या जमिनी अनेक ठिकाणी कित्येक हिस्सेदारांच्या सामाईक आहेत. आंबोली, गेळे, चौकुळ येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा दीर्घकाळ रेंगाळलेला प्रश्न या गुंतागुंतीचे टोकाचे उदाहरण होय. सामाईक सड्यावरून कोणीही जाई, त्यामुळे वाटेची नोंद करण्याची गरज कोणाला वाटली नाही. नोंद नसणे हे तेव्हा मोकळेपणाचे लक्षण होते. आता तोच तिचा दुबळेपणा झाला आहे.

कारण सड्याचा अर्थ बदलला आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी-परुळे येथील सड्यावर विमानतळ सुरू झाला. रेडी आणि कळणे येथे खनिजाच्या खाणी निघाल्या आणि वाहतुकीचे डंपर अरुंद रस्त्यांवर आले. चिऱ्यांच्या खाणींनी कित्येक सडे चौकोनी खड्ड्यांनी भरले आहेत. बाहेरच्या खरेदीदारांनी मोठमोठी क्षेत्रे घेऊन कुंपणे घातली. विकत घेणाऱ्याच्या सातबाऱ्यावर वाट नसते, म्हणून त्याच्या दृष्टीने ती नसतेच. मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागच्या टोकापर्यंत जावे, होडीने कर्लीची खाडी ओलांडून भोगव्यास उतरावे आणि चढून परुळ्याच्या सड्यावर यावे, हा या किनाऱ्यावरील एक अत्यंत सुंदर मार्ग आहे. त्यातील कोणता तुकडा सार्वजनिक, कोणता खाजगी व कोणता केवळ सौजन्याने मोकळा, हे सायकलस्वाराला सांगू शकेल असा एकही नकाशा त्याच्या हाती नसतो.

कायद्यात तरतुदी आहेत, पण त्यांचा रोख शेतीवर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार शेतीच्या किंवा चराईच्या जमिनीकडे जाणाऱ्या रूढीच्या वाटेतील अडथळा तहसीलदार दूर करू शकतो. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली आणि २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. हे स्वागतार्हच आहे. मात्र शेत पडीक राहिले तर शेतरस्ता कोणासाठी मागायचा? पाणवठ्याची, शाळेची, देवळाची, सड्यावरून पलीकडच्या गावी जाण्याची वाट यांपैकी कशातच धड बसत नाही. पाणंद योजनेत जी वाट येते तिच्यावर पुढे डांबर किंवा काँक्रीट पडते. जी येत नाही ती गडग्याआड जाते. तांबडी वाट तांबडीच राहून सार्वजनिक म्हणून नोंदली जावी, यासाठी सध्या कोणताही स्वतंत्र रकाना नाही.

या त्रुटीवर ग्रामपंचायतींना एक उपाय करण्यासारखा आहे. जुना गावनकाशा घेऊन, वाडीतील जाणत्या स्त्रीपुरुषांसह प्रत्येक वाट प्रत्यक्ष चालून तिचे नाव, तिठे, साकव, घाटीच्या पायऱ्या आणि देवाची ठिकाणे यांची यादी करावी व ती ग्रामसभेत संमत करावी. सरपण, गुरे आणि पाणी यांच्या वाटा स्त्रियांच्या पायाखालच्या असल्यामुळे त्यांच्याशिवाय ही यादी पुरी होणार नाही. सायकलपटूंच्या गटांना या कामात सहभागी होता येईल. मोबाइलवर मार्ग आखण्याचे कौशल्य त्यांच्याकडे आहे, आणि नकाशावरील तुटक रेषा जमिनीवर कोठे तुटली ते त्यांच्या नोंदींतून लगेच दिसते. कुंपण पडण्याआधी झालेली अशी नोंद पुढे तहसीलदारापुढे पुरावा म्हणून उभी राहू शकते.

यात वेळेचे महत्त्व फार आहे. मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. भाद्रपदात चतुर्थीला आलेला चाकरमानी पाणंदीने देवळात जाऊन येतो आणि मुंबईला परततो. कार्तिकात तेथे चिऱ्यांचा गडगा उभा राहतो. वैशाखात त्याला सुट्टी मिळाली आणि तो आला, तर मुदतीचे थोडे दिवस शिल्लक असतात. तो पुढच्या चतुर्थीलाच आला, तर नसतात.